सीपॅप मशीन लावून झोपलेल्याचा श्वास : शेजारच्याने काय ऐकावे?



या पानावर एरवी आपण लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त आणि खोडव्याची निगा यांवर बोलतो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. कारण असे की, गेल्या दोन-तीन हंगामांत गटागटांतून फिरताना, ऊसनोंदीची बोलणी आटोपून चहा घेत असता, घरातल्या माउल्या एक प्रश्न हळूच विचारू लागल्या आहेत. "साहेब, आमच्या ह्यांना डॉक्टरांनी झोपताना नाकाला लावायचं मशीन दिलंय. तुमच्याकडं पण आहे म्हणं. ते लावल्यावर रात्री कसलेकसले आवाज येतात. ते चांगले का वाईट, कसं ओळखायचं?"

आमच्या घरी हे मशीन आहे ही गोष्ट खरी. आमच्या सौ. गेली तीन वर्षे ते लावून झोपतात. हा आजार फक्त जाड पुरुषांचा, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बायकांनाही तो होतो, आणि पाळी थांबल्यानंतरच्या वयात जास्त होतो. असो. मुद्दा असा की, मशीन लावणारा माणूस झोपलेला असतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. डॉक्टर असतात तालुक्याच्या गावी. रात्री दोन वाजता जागा असतो तो शेजारी झोपणारा. म्हणून त्याच्या कानाला थोडे शिक्षण हवे. ऐकू येणारे आवाज दोन जातींचे असतात. एक जात हवेच्या गळतीची आणि पाण्याची. ती बहुधा घरीच दुरुस्त होते. दुसरी जात खुद्द श्वासाची. ती डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. या दोन जाती वेगळ्या करता आल्या की निम्मी काळजी मिटते आणि उरलेली योग्य जागी पोचते.

घसा बंद का होतो?

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. सक्शनला कोणी मऊ पाईप लावतो का? नाही. मोटार पाणी ओढू लागली की मऊ पाईप चेपतो आणि पाणी बंद होते. तोच मऊ पाईप डिलिव्हरीला लावला तर आतल्या दाबाने फुगून गोल राहतो. आपला घसा हा असाच मऊ पाईप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात. छाती हवा ओढते आणि घसा चेपतो. अर्धवट चेपला तर पडदे थरथरतात, ते घोरणे. पूर्ण चेपला तर श्वासच थांबतो.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की डॉक्टर तो एक झटका मोजतात. श्वास पूर्ण न थांबता फार उथळ झाला, तेही त्यात धरतात. असे झटके तासाला ५ च्या आत असतील तर ठीक. ५ ते १५ म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वर तीव्र. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. प्रत्येक झटक्याला रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो आणि श्वास सुरू होतो. रात्रभर हेच चालले तर दिवसा पेंग येते, सकाळी डोके दुखते, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो.

सीपॅप मशीन घशाच्या मऊ पाईपला सक्शनचा न ठेवता डिलिव्हरीचा करते. एक छोटा पंखा हवा दाबाने नाकात सोडतो आणि घसा आतून फुगलेला राहतो. मशीन प्राणवायू देत नाही, खोलीतलीच हवा देते. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा प्रयोग केला आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागत असे.

मशीनचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. तो साधारण ४ ते २० सेंटिमीटर असतो. आपल्या ठिबकला एक किलो दाब लागतो, म्हणजे १० मीटर पाण्याची उंची. मशीन १० वर असेल तर तिथे फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे ठिबकच्या शंभरावा भाग. एवढ्या दाबाने छातीला इजा होईल ही भीती मनातून काढावी. मात्र हा दाब तपासणी करून ठरवलेला असतो. "रात्री गुदमरल्यासारखं होतंय, दोन पॉइंट कमी करू" असे घरच्या घरी करू नये.

पहिली जात : हवेचे आणि पाण्याचे आवाज

१) एकसारखा 'सूं' आवाज. मास्कला पुढे किंवा कोपऱ्याजवळ बारीक छिद्रे असतात. तिथून सतत हवा बाहेर जाते. ही गळती नव्हे, मुद्दाम ठेवलेली वाट आहे. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. काही घरी आवाज नको म्हणून या छिद्रांवर चिकटपट्टी लावतात किंवा रुमाल गुंडाळतात. हे धोक्याचे आहे, कदापि करू नये. छिद्राची हवा शेजारच्याच्या तोंडावर येत असेल तर कूस बदलावी किंवा मध्ये उशी ठेवावी. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा 'सूं' आवाज मशीनचा आहे, माणसाचा नाही. श्वास थांबला तरी तो चालूच राहतो. 'सूं' ऐकू येतोय म्हणजे श्वास चालू आहे, असे समजू नये.

२) 'फर्र' किंवा शिटीसारखा आवाज. ही मास्कच्या कडेची गळती. मास्कच्या भोवती हात फिरवून पाहा, जिथून वारा लागेल तिथे चीर आहे. कारणे साधी असतात. रबरी गादी जुनी होऊन कडक झालेली असते, तोंडाला तेल किंवा क्रीम लावलेले असते, मिशा-दाढी मध्ये येते, किंवा पट्टा सैल असतो. पुष्कळ जण पट्टा आवळतच जातात. त्याने गादी दुमडते, गळती वाढते आणि नाकावर वळ उठतो. पट्टे बसल्या बसल्या न बांधता, आडवे होऊन मशीन चालू ठेवून बेताने बसवावेत. मास्क रोज पुसावा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने नळीसह धुऊन सावलीत वाळवावा. हवा डोळ्यांकडे जात असेल तर दुर्लक्ष करू नये, डोळे कोरडे पडून लाल होतात.

३) ओठांची 'फुस्स फुस्स' किंवा फडफड. मास्क फक्त नाकाचा असेल आणि झोपेत तोंड उघडले, तर दाबाची हवा तोंडावाटे निसटते. सकाळी तोंड खडखडीत कोरडे असते. बहुधा नाक चोंदलेले असते, म्हणून आधी नाकाचा इलाज करावा. त्याने भागले नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, हे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने तोंडाला चिकटपट्टी लावू नये. उलटी आली किंवा वीज गेली तर भलतेच होईल.

४) गुडगुडीसारखा आवाज. याने घरचे सर्वांत जास्त घाबरतात, आणि कारण सर्वांत साधे असते. मशीनच्या डब्यातले पाणी गरम होऊन हवेला ओल देते. थंडीत खोली गार असली की ती वाफ नळीत थंड होते, पाणी साचते आणि हवा त्यातून बुडबुडत जाते. आमच्याकडे पहिल्या डिसेंबरात हेच झाले. सौ.ना नाकात थेंब पडून जाग यायची आणि आम्हाला वाटायचे की छातीत पाणी झाले. ओळखण्याची खूण सोपी आहे. नळी उचलून हलवली की आवाज बदलतो. मशीन उशीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे पाणी डब्याकडे परत जाते. नळीला कापडी खोळ शिवावी किंवा ती पांघरुणाखालून घ्यावी. ओलाव्याचा आकडा एक-दोनने कमी करावा. हे घरी करायला हरकत नाही. डब्यात डिस्टिल्ड वॉटर वापरावे, निदान उकळून गार केलेले पाणी, आणि ते रोज बदलावे. बोअरचे क्षाराचे पाणी नको, ठिबकच्या नळ्या चोंदतात तसा डब्यात थर बसतो.

५) पोटातली गुडगुड आणि ढेकर. दाबाची हवा अन्ननलिकेत जाते आणि सकाळी पोट फुगते. धोका नाही, पण त्रास होतो. कुशीवर झोपून पाहावे, रात्रीचे जेवण लवकर घ्यावे, आणि तरी राहिले तर डॉक्टरांना सांगावे.

६) मशीनची घरघर वाढणे. गळती वाढली किंवा हवेची जाळी चोंदली की मशीनला जोर लागतो. आपल्या भागात गाळप चालू असताना राखेचे कण उडतात, त्यात काही बंधू अजून पाचट पेटवतात. जाळी दर आठवड्याला पाहावी. कागदी जाळी धुवायची नसते, काळपट दिसली की बदलायची. (पाचट न पेटवता सरीत कुजवावे, हे इथेही सांगून ठेवतो.)

दुसरी जात : श्वासाचे आवाज

आता महत्त्वाचे. मास्क नीट बसला आहे, गळती नाही, नळी कोरडी आहे, आणि तरी आवाज येतो. अशा वेळी मास्ककडे न पाहता छाती-पोटाकडे पाहावे.

१) मशीनवरही घोरणे. एखादी रात्र सर्दीमुळे घोरले तर गोष्ट वेगळी. रोजच घोरत असेल तर दाब अपुरा पडतो आहे. वजन वाढले असेल, उताणे झोपणे असेल, दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. वर्षापूर्वी ठरवलेला दाब आजच्या वजनाला पुरेलच असे नाही, तो पुन्हा तपासून घ्यावा.

२) शांतता आणि मग 'खर्रर्र' करून दचकणे. मधल्या शांततेत छाती-पोट वरखाली धडपडत असेल, तर घसा अजून बंद होतो आहे. मोटार चालू, पण पाईप चेपलेला. मशीन असूनही उपचार पुरा पडत नाही, हा त्याचा अर्थ.

३) शांतता आणि छाती-पोटही स्थिर. इथे पाईप मोकळा आहे, पण मोटारच थांबली. मेंदूकडून श्वासाचा हुकूम काही सेकंद सुटलेला नसतो. झोप लागताना किंवा कूस बदलताना एखादा असा विराम कोणालाही होतो, त्याला घाबरू नये. काही जणांना मशीन नवीन असताना हे विराम वाढतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कमी होतात. पण वारंवार होत असेल तर सांगायलाच हवे. यात नुसता दाब वाढवला तर गोष्ट बिघडू शकते, म्हणूनच दाबाला हात लावू नये असे वर म्हटले.

४) लाटेसारखा श्वास. श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग तसाच लहान होत जातो, मग थांबतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. साधारण मिनिटभराचे एक आवर्तन, आणि अशी एकामागून एक. डब्लिनचे डॉ. चेन यांनी १८१८ साली आणि डॉ. स्टोक्स यांनी १८५४ साली याचे वर्णन केले, म्हणून याला चेन-स्टोक्स श्वास म्हणतात. हृदयाचा पंप कमजोर झाल्यावर किंवा पक्षाघातानंतर तो दिसतो. हा आवाज मोठा नसतो, उलट घोरण्यापेक्षा शांत असतो. म्हणूनच तो हुकतो.

आमच्या पाहण्यातल्या एका घरी असेच झाले. म्हाताऱ्यांचे घोरणे मशीनने बंद झाले, घरचे खूश. पण आजी सुनेला म्हणाल्या, "अगं, ह्यांचा श्वास भरती-ओहोटीसारखा येतोय. मला झोप लागंना." मुलगा म्हणाला, "आत्ता तर आवाजच नाही, मग तक्रार कसली?" सुनेने मात्र सासूबाईंचे ऐकले, रात्री मोबाईलवर तीन मिनिटांचे चित्रण घेतले आणि डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हृदयाची टू-डी इको तपासणी करायला लावली. पंप कमजोर निघाला. पायाची सूज 'वयामुळे' म्हणून सोडून दिली होती, तिचाही उलगडा झाला. औषधे वेळेत सुरू झाली. यंत्राच्या पडद्यावर जे कोणी पाहिले नव्हते, ते आजींच्या कानाने पकडले.

५) छातीतली शिटी किंवा सुंई-सुंई. हा दमा किंवा फुप्फुसाच्या जुन्या विकाराचा आवाज असू शकतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आपल्या आया-बहिणींत हा विकार पुष्कळ आढळतो. सीपॅप हे त्यावरचे औषध नव्हे, वेगळी तपासणी हवी.

६) श्वास सोडताना लांब कण्हणे. काही माणसे झोपेत श्वास धरून हळू हळू कण्हत सोडतात. ऐकायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी. तरी एकदा दाखवून खात्री करावी.

वाट पाहू नये असे प्रसंग. हलवूनही जाग येत नाही, ओठ-नखे निळसर पडली आहेत, छातीत दुखते आहे, किंवा उठून बसल्यावरही धाप लागून छातीत बुडबुडे वाजतात, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

वीज गेल्यावर

भारनियमनाचा भाग म्हणून हे वेगळे सांगतो. वीज गेली की मशीन बंद पडते आणि 'सूं' थांबतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, त्यामुळे माणूस लगेच गुदमरत नाही. तरी मास्क काढून टाकावा आणि वीज आल्यावर पुन्हा लावावा. ती झडप चिकटलेली नाही ना, हे धुताना पाहावे. इन्व्हर्टरवर चालवायचे तर पाणी गरम करणारा भाग बंद ठेवावा, विजेचा खप बराच कमी होतो.

जुने मशीन विकत घेणाऱ्यांनी एवढे करावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो मशीने परत मागवली होती. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. म्हणून मॉडेल आणि नंबर कंपनीकडे पडताळल्याशिवाय जुने मशीन घेऊ नये. आणि दुसऱ्याच्या मशीनवरचा दाब आपल्याला लागू पडेल, असेही समजू नये.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

ऊसनोंदीला सात-बारा लागतो, तशी इथे ही कागदपत्रे समजा.
– मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण. त्यात गळ्यापासून पोटापर्यंतचा भाग दिसावा. नुसत्या आवाजावरून पाईप बंद की मोटार बंद, हे कळत नाही.
– किती वाजता, उताणे की कुशीवर, मास्क लावलेला असताना की काढल्यावर, याची चार ओळींची टिपण.
– मशीन, मास्क आणि त्यातले कार्ड. किती तास वापर झाला, किती गळती झाली, तासाला किती झटके आले, हे बहुतेक मशीनमध्ये नोंदलेले असते.
– चालू असलेल्या सर्व गोळ्या. दारूचे प्रमाणही खरे सांगावे.

आणि शेजारी झोपणाऱ्याने स्वतः सोबत जावे. आपल्याकडे रिवाज असा की मालक आत जातो आणि मालकीण बाहेर बाकावर बसते. डॉक्टर विचारतात, "झोप कशी आहे?" मालक म्हणतात, "एकदम झ्याक." रात्रभर जागलेली माउली बाहेर गप्प असते. असा कारभार इथे चालायचा नाही.

कुरकुरीबद्दल दोन शब्द. आवाजाला कंटाळून काही घरी एक जण माजघरात आणि दुसरा सोप्यात झोपू लागतो. काही ठिकाणी शेजारच्याला त्रास नको म्हणून पेशंटच मध्यरात्री मास्क काढून ठेवतो. दोन्हीत नुकसान आहे. चांगल्या मशीनचा नीट बसवलेला आवाज कुजबुजीपेक्षा जास्त नसतो, त्याची आठ-पंधरा दिवसांत सवय होते. ज्याची सवय होत नाही तो आवाज बहुतेक वेळा गळतीचा असतो आणि गळती काढता येते. पहिले काही आठवडे तरी शेजारची जागा सोडू नये. मास्क संपूर्ण झोपेत लावायचा असतो, दुपारच्या झोपेतही. चार तास लावून पहाटे काढला तर पहाटेचे झटके तसेच राहतात.

शेवटी आपल्या धंद्यापुरते. गाळप सुरू झाले की रात्र-रात्र ऊसवाहतूक चालते. ट्रॅक्टर किंवा ट्रकवर बसणाऱ्या ज्या बंधूंकडे हे मशीन आहे आणि घरचे सांगतात की अजून घोरणे किंवा श्वास थांबणे चालू आहे, त्यांनी दिवसा पेंग येत असेल तर उपचार नीट होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. दोन ट्रॉल्या भरून चाललेल्या गाडीवर डुलकी लागली तर ब्रेक लावायलाही माणूस जागा नसतो. एक खेप चुकली तर पुढच्या पाळीत भरून निघते.

तरी ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी या आठवड्यात एक रात्र दहा मिनिटे जागून, वरील यादी हाती घेऊन, लक्षपूर्वक ऐकावे. पहिल्या जातीचा आवाज असेल तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करावी. दुसऱ्या जातीचा असेल तर चित्रण घेऊन, जोडीने, डॉक्टरांकडे जावे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी